एका गुलाबाच्या दोन गोष्टी

या सदरात गेल्या खेपेस लेतिसिया कोलोंबानी यांच्या २००२ सालच्या 'आ ला फोली... पा द्यू तू' या फ्रेंच चित्रपटाची शिफारस केली होती. इंग्रजी मुलखात तो 'ही लव्हज मी... ही लव्हज मी नॉट' या नावाने पोहोचला. त्यानंतर विदर्भातल्या वाचकांची बरीच पत्रे आली आणि त्यांपैकी काहींत इतके मूलगामी प्रश्न आहेत की हे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे. उत्तरे देताना कथा उघड करावी लागणार आहे. ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा असेल त्यांनी तो पाहून मगच पुढे वाचावे.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा भिंतीवर चादर ताणून चित्रपट दाखवतो. शेतकरी, शिक्षक, कॉलेजची मुले असे सगळेच येतात. या चित्रपटात अर्धा वेळ आम्ही त्या मुलीच्या बाजूने होतो, विवाहित डॉक्टर तिला झुलवतो आहे म्हणून त्याला शिव्या घालत होतो, आणि पुढे सगळे उलटेच निघाले. काही मंडळी रागावली. दिग्दर्शिकेने आमच्याशी खोटेपणा केला, असे म्हणावे काय?
— एक वाचक, पुसद तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या मंडळींचा राग रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. प्रेक्षकाला चकवणे वेगळे आणि त्याच्याशी खोटे बोलणे वेगळे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये एका पात्राने रचलेली खोटी हकिकत पडद्यावर प्रत्यक्ष घडल्यासारखी दाखवली होती. प्रेक्षकांना ते रुचले नाही, आणि पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या दीर्घ मुलाखतीत खुद्द हिचकॉक यांनीही ती आपली चूक असल्याचे मान्य केले. डोळ्यांनी पाहिलेले दृश्यच घडलेले नव्हते असे नंतर सांगितले, तर प्रेक्षकाने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

कोलोंबानी त्या वाटेने गेलेल्या नाहीत. बोर्दो शहरात चित्रकला शिकणारी अँजेलिक फुलांच्या दुकानात जाते आणि लोईक नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे एकच गुलाबी गुलाब पाठवते. तो गुलाब त्याच्यापर्यंत पोहोचतोही. ती त्याचे चित्र काढते. फ्लॉरेन्सला जायचे म्हणून विमानतळावर त्याची वाट पाहते आणि तो येत नाही. पुढे डॉक्टरची पत्नी राशेल हिचा गर्भपात होतो, एका रुग्ण स्त्रीचा मृत्यू होतो, डॉक्टरला अटक होते आणि खचलेली अँजेलिक गॅस सुरू करून जमिनीवर पडून राहते. यांतला एकही प्रसंग दुसऱ्या भागात रद्द होत नाही. तो आपल्यावर जीव टाकतो, तो बायकोला सोडणार आहे, ही वाक्ये अँजेलिक आपल्या मित्रमैत्रिणींना सांगते आणि आपण ती तिच्या तोंडून ऐकतो. पण ती दोघे समोरासमोर बसून मनातले बोलत आहेत असे दृश्य पहिल्या भागात जवळपास नाहीच. ते दृश्य आपणच मनात रचलेले असते.

आपण ते का रचतो, याला चित्रपटाच्या भाषेत उत्तर आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच चेहरा कधी सुपाच्या थाळीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली आणि एकदा दुःख. दोन दृश्ये शेजारी ठेवली की त्यांच्यातले नाते प्रेक्षक स्वतः जोडतो, आणि गेली शंभर वर्षे सगळे चित्रपट या सवयीच्या आधारावर उभे आहेत. मुलगी हसत पाहते, पुढच्या क्षणी पुरुष हसताना दिसतो. तो तिच्याकडे पाहून हसला, असे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. कोलोंबानी यांनी नेमकी हीच सवय वापरली.

त्यांच्या हाताशी दुसरेही एक साधन होते. अँजेलिकची भूमिका ओद्रे तोतू यांची आहे, आणि आदल्याच वर्षी, म्हणजे २००१ मध्ये, 'अमेली'मधली दुसऱ्यांची आयुष्ये गुपचूप सावरणारी निरागस मुलगी म्हणून त्यांचा चेहरा जगभर पोहोचलेला होता. टपोऱ्या डोळ्यांचा तोच चेहरा आणि तेच हसू. प्रेक्षकाने या मुलीवर संशय घ्यावा असे काहीच त्या चेहऱ्यात नव्हते, आणि जो विश्वास एका चित्रपटाने कमावला तो दुसऱ्याने पणाला लावला. पुसदला ज्यांनी 'अमेली' पाहिलेला नव्हता तेही तिच्या बाजूने झाले, यावरून तोतू यांच्या अभिनयाची ताकद कळते. त्या एका क्षणासाठीही अँजेलिकला वेडी म्हणून रंगवत नाहीत, कारण अँजेलिकला स्वतःला तसे वाटतच नाही.

शिवाय खुणा समोरच ठेवलेल्या आहेत. बाहेरगावी गेलेल्या एका कुटुंबाचे प्रशस्त घर अँजेलिक सांभाळते आहे. त्या घरातली झाडे पाहा. घरधन्याने भरवशाने सोपवलेली ती झाडे हळूहळू सुकत जातात, घराची रया जाते, आणि अँजेलिकला त्याचे भान नसते; तिचे सगळे लक्ष एकाच माणसावर आहे. पहिल्यांदा पाहताना आपण म्हणतो, बिचारी विरहाने खंगली आहे. दुसऱ्यांदा पाहताना ती झाडे बघवत नाहीत. ज्या चित्रपटाने आपला पुरावा असा उघड्यावर ठेवला, त्याला लबाड म्हणणे मला पटत नाही.

मग चित्रपट सरसर उलटा फिरून त्याच फुलांच्या दुकानाशी येतो आणि तीच कथा डॉक्टरच्या बाजूने सुरू होते. त्याच्या लेखी अँजेलिक ही शेजारचे घर सांभाळणारी, तोंडओळख असलेली मुलगी आहे. पत्नीला दिवस गेल्याच्या आनंदात त्याने कधीतरी तिच्या हातात एक गुलाब ठेवला होता. त्याच्यासाठी तो प्रसंग तिथेच संपला आणि तिच्यासाठी तिथून सगळे सुरू झाले. आपल्या मंडळींना माझी विनंती आहे की राग शांत झाल्यावर चित्रपट पुन्हा लावावा आणि या खेपेस राशेलकडे लक्ष ठेवावे. इझाबेल कारे यांनी साकारलेली ही स्त्री पहिल्या भागात आपल्याला केवळ अडसर वाटते. तिच्या पोटातले मूल गेले तरी आपण हळहळलो नाही, कारण आपले अश्रू दुसरीकडे वाहत होते. मला या चित्रपटाने जर कुठे खरोखर हलवले असेल, तर ते इथे.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो आणि थोडेफार लिहितोही. हा चित्रपट पाहिल्यापासून मनात घोळते आहे की असा घाट आमच्या मंचावर आणता येईल का? चित्रपट उलटा फिरवता येतो, नाटक कसे फिरवणार?
— एक रंगकर्मी, देसाईगंज (वडसा) परिसर, जि. गडचिरोली

उत्तर : हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत रात्रभर नाटक पाहणारा जो प्रेक्षक आहे, त्याच्याइतका जागा प्रेक्षक शहरात मिळणे कठीण आहे, आणि अशा प्रयोगाला तोच प्रेक्षक हवा.

अडचण उलटे फिरवण्याची नाही. दिवे मालवून पुन्हा पहिलाच प्रवेश सुरू केला, तीच नटी तेच पहिले वाक्य बोलली, की मंडपातल्या शेवटच्या माणसालाही कळेल. खरी अडचण वेगळी आहे. कॅमेरा ठरवतो की प्रेक्षकाने कुठे पाहायचे. मंचावर प्रेक्षकाची नजर मोकळी असते. डॉक्टर कोणाकडे पाहून हसला हे चित्रपटात चौकटीबाहेर ठेवता येते, मंचावर ठेवता येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, जे लपवायचे आहे ते आत नेऊ नका, अंधारात ठेवा. मंचावर शेजारशेजारची दोन कवेलूची घरे मांडा, दोन अंगणे आणि मध्ये एकच कुंपण. पहिल्या अंकभर उजेड फक्त मुलीच्या अंगणात असू द्या. शेजारचा माणूस कुंपणापाशी येतो, हात वर करतो, हसतो, निघून जातो. मुलगी लाजते आणि मैत्रिणीला सगळे सांगते. दुसऱ्या अंकात तोच प्रवेश, तेच संवाद, पण उजेड आता पलीकडच्या अंगणात आहे, आणि तिथे दारात त्याची बायको उभी आहे, पोटुशी, सुपात तांदूळ घेऊन. हात तिच्यासाठी वर झालेला होता. महत्त्वाचे म्हणजे ती नटी पहिल्या अंकातही त्याच जागी, अंधारात, सूप घेऊन उभी असली पाहिजे. पुढच्या रांगेतल्या एखाद्या म्हातारीला ती आधीच दिसली, तर दिसू द्या; ती म्हातारी आपल्या नाटकाची सर्वांत मोठी साक्षीदार ठरेल. हा प्रामाणिकपणा सोडला तर प्रेक्षक एकदा चकित होईल, पण नंतर माफ करणार नाही.

फुलाचे काय करायचे, हेही ठरवावे लागेल. आपल्या खेड्यात कोणी शेजारणीला गुलाब देत नाही. पण बारसे ठरले, डोहाळजेवण झाले, म्हणून शेजारी पुडीभर पेढे किंवा वाटीभर खीर देणे रोजचे आहे, आणि वाटी परत करावी लागते. ती वाटी मुलीने परत केलीच नाही, ती फडताळात जपून ठेवली, एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण नाटक तोलता येईल.

कलाटणी मध्यंतराच्या अगदी आधी आणा. लोक चहाला उठतील तेव्हा त्यांच्यात वाद पेटलेला असेल आणि परत येऊन बसताना प्रत्येकाने बाजू घेतलेली असेल. मात्र कलाटणीनंतर लगेच लावणी घालण्याचा आग्रह निर्मात्याने धरला, तर तो मानू नका. पहिल्या अंकात हव्या तितक्या घाला, तिथे त्या प्रेमकथेच्या रंगाला साथच देतील.

प्रश्न : चित्रपटात दाखवलेला आजार खरोखर असतो की तो कथेसाठी रचलेला आहे? आमच्याकडे असे कोणी वागले तर 'बाहेरचे झाले' म्हणतात आणि भगताकडे नेतात.
— एक आशा कार्यकर्ती, मेळघाट, जि. अमरावती

उत्तर : आजार खरा आहे. त्याला इरोटोमॅनिया म्हणतात आणि फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ गाएतां द क्लेरांबो यांनी १९२१ च्या सुमारास त्याचे सविस्तर वर्णन केल्यामुळे त्यांच्याही नावाने तो ओळखला जातो. त्यांची एक रुग्ण स्त्री इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आपल्यावर प्रेम करतात असे मानत होती. ती लंडनला जाऊन राजवाड्याबाहेर उभी राहत असे आणि खिडकीचा पडदा हलला की त्याला राजाची खूण समजत असे. समोरची व्यक्ती बहुधा पदाने किंवा प्रतिष्ठेने मोठी असते, प्रेमाची सुरुवात तिच्याकडूनच झाली अशी रुग्णाची पक्की खात्री असते, आणि नकारालाही तो परीक्षा किंवा गुप्त संदेश मानतो. बाकी वागणे-बोलणे ठीक असू शकते, म्हणून घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

समजावून किंवा रागावून हा भ्रम जात नाही. मनोविकारतज्ज्ञ औषधे देतात आणि ती दीर्घकाळ, देखरेखीखाली घ्यावी लागतात. चित्रपटाचा शेवट आठवा : उपचार पूर्ण झाले म्हणून अँजेलिकला घरी सोडतात, आणि तिच्या खोलीतले कपाट हलवल्यावर त्यामागच्या भिंतीवर, न घेतलेल्या रंगीत गोळ्यांनी जोडलेले लोईकचे चित्र सापडते. कथेचा धक्का म्हणून ते दृश्य अविस्मरणीय आहे. आपल्यासारख्या कार्यकर्तीने मात्र त्यातून एवढेच घ्यावे की गोळी दिली याची नोंद पुरत नाही, ती पोटात गेली हे पाहावे लागते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ या टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. भगताकडे जाणाऱ्या कुटुंबाशी भांडू नका. तिकडे जायचे तर जा, पण डॉक्टरकडेही चला, असे म्हटले तर दार उघडे राहते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. चित्रपट उत्तम आहे, परंतु पाठलाग करणारी व्यक्ती स्त्री दाखवल्यामुळे मी अस्वस्थ झाले. हिंगणघाटची घटना आम्ही विसरलेलो नाही. आपल्याकडे एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली जीव जातो तो मुलींचा. हा चित्रपट उलटी बाजू दाखवून मुलांच्या हाती कोलीत देत नाही काय?
— एक शिक्षिका, जि. वर्धा

उत्तर : ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला एका माणसाने पेट्रोल टाकून पेटवले आणि आठवड्याने नागपूरच्या रुग्णालयात तिचे निधन झाले. दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. ज्या जिल्ह्यात हे घडले तिथल्या शिक्षिकेची अस्वस्थता मला पूर्ण मान्य आहे.

तरीही मी चित्रपटाची बाजू घेईन, आणि ती का ते सांगते. पहिल्या भागातली अँजेलिकची सगळी कृत्ये एखाद्या तरुणाच्या नावावर लिहून पाहा : न मागितलेल्या भेटी, घराबाहेर उभे राहणे, समोरच्याच्या संसारातल्या माणसाला इजा करणे, नकार ऐकूनच न घेणे. आपल्या लोकप्रिय चित्रपटांनी वर्षानुवर्षे याच कृत्यांना गाणी दिली आणि नायक हट्ट सोडत नाही म्हणून टाळ्या वाजवायला शिकवले. पुरुषाचा असा हट्ट पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो आता खुपतही नाही. तोच हट्ट एका नाजूक मुलीच्या अंगी दाखवला आणि मग त्याची किंमत मोजणाऱ्यांच्या घरात आपल्याला नेले, तेव्हा कुठे तो हट्ट जसा आहे तसा दिसला. वर्गात चर्चा घ्यायची असेल तर मुलांना अँजेलिकविषयी विचारू नका. लोईकच्या जागी आपली बहीण आहे असे समजून दुसरा भाग सांगायला लावा.

एक भेद मात्र आवर्जून करावा. अँजेलिक आजारी आहे; पाठलाग करणारा प्रत्येक जण आजारी नसतो. मुलगी 'नाही' म्हणाली हे पुरते कळूनही जो तिला सोडत नाही, त्याच्या वागण्याला वेड हे नाव देऊन सूट देता येणार नाही. कायद्यानेही ती दिलेली नाही. पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करणे, नकार असताना पुन्हा पुन्हा संपर्क साधणे, मोबाइल-इंटरनेटवरून तिच्यावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक. ७८ आणि ११२ हे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवावेत, असे मला वाटते.

आणि त्याच चित्रपटातला दाविद हा वैद्यकीय विद्यार्थी विसरू नये. त्याचेही अँजेलिकवर एकतर्फी प्रेम आहे. तो तिच्यासाठी धावपळ करतो, पण आपल्या प्रेमाचे कर्ज तिच्या नावावर चढवत नाही. मुलांना दाखवायला हे पात्र फार उपयोगी आहे.

प्रश्न : आमच्या गावात इंग्रजी उपशीर्षके वाचू शकणारे मोजकेच आहेत. फ्रेंच चित्रपट दाखवायचा तरी कसा?
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : एकाने पडद्याशेजारी बसून मराठीत सांगत जावे. चित्रपट दीड तासाच्या आसपास आहे, तेवढा वेळ आवाज टिकतो. सांगणाऱ्याने आधी चित्रपट दोनदा पाहून संवाद वहीत उतरवून घ्यावेत, आणि पहिल्या भागात अँजेलिकचे वाक्य 'ती म्हणते, तो मला भेटणार आहे' असेच सांगावे. 'तो तिला भेटणार आहे' असे सांगणाऱ्याच्या तोंडून गेले, तर दिग्दर्शिकेने न बोललेले खोटे आपण बोललो असे होईल. आवाजात संशय किंवा सूचकपणाही येऊ देऊ नये. जाणत्या माणसाला तो मोह आवरत नाही. ज्याला शेवट ठाऊक नाही अशा नव्या वाचकाला पहिला भाग सांगायला बसवले आणि उलटा फिरल्यानंतरचा भाग दुसऱ्याकडे दिला, तर उत्तम. दोन भागांसाठी एक स्त्री आणि एक पुरुष आवाज मिळाला, तर लोकांना बाजू बदलल्याचे चटकन कळेल.